पंचगंगेकाठचा पोसायडन आणि रागाचा प्रश्न

१/
कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात एका वितीत सहज मावेल एवढी एक कांस्यमूर्ती आहे. दाढीधारी, विवस्त्र, एक हात वर उचललेला. त्या हातातले त्रिशूळ केव्हाच नाहीसे झाले आहे. हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, म्हणजेच रोमनांचा नेपच्यून. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठी तो मातीखाली सापडला. गेली कित्येक दशके त्याची ओळख एकाच वाक्यात करून दिली जाते: भारत-रोम व्यापाराचा पुरावा. ही ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. लॅटिन महाकाव्याने याच देवाला एक वेगळे काम दिले होते. ते काम रागाशी संबंधित आहे आणि कोल्हापूरशी त्याचा संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. 🧵

२/
प्रथम मूर्तीविषयी. शहराच्या पश्चिमेला नदीकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४०च्या दशकाच्या मध्यास तिथे प्रा. कुंदणगार यांना धातूच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. पुढे डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्ती, तिची घरे, तिची नाणी उजेडात आली. कुंदणगारांच्या साठ्यात हत्तीवर बसलेल्या स्वारांचा अस्सल भारतीय गट होता आणि त्याच्याच शेजारी भूमध्य समुद्राच्या परिसरातून आलेली भांडी, पर्सिअस-अँड्रोमेडा यांची कथा कोरलेली चकती आणि हा पोसायडन होता.

३/
कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून देशावर येत असे, हे शालेय पुस्तकातही असते. मात्र वस्तू प्रवास करतात तेव्हा त्यांच्यामागे उभे असलेले विचार बहुधा बंदरावरच राहतात. ज्या माणसाच्या घरात ही मूर्ती आली त्याला नेपच्यूनची कथा ठाऊक असण्याचे कारण नाही. आजच्या प्रेक्षकाला मात्र ती ठाऊक होऊ शकते. ज्या जगातून ही मूर्ती आली त्या जगात, जवळपास त्याच काळात, या देवाला नायकाइतकेच महत्त्वाचे एक दृश्य मिळाले होते. ते दृश्य व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात आहे.

४/
व्हर्जिलचा जन्म इ.स.पू. ७०चा, मृत्यू इ.स.पू. १९चा. त्याचे सारे तारुण्य रोमच्या यादवी युद्धांत गेले. इ.स.पू. ४४मध्ये सीझरचा खून झाला, ४२मध्ये फिलिप्पीची लढाई झाली, आणि त्यानंतर निवृत्त सैनिकांना वाटण्यासाठी त्याच्या मुलुखातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या. ३१मध्ये ॲक्टियमची लढाई झाली. त्यानंतर दोनेक वर्षांत त्याने ‘ईनिड’ लिहायला घेतले. भावाने भावावर शस्त्र उचलणे त्याला पुराणातून कळलेले नव्हते. ते त्याच्या डोळ्यांदेखत घडले होते. म्हणूनच त्याचे महाकाव्य सुरू होताच विचारते की देवांच्या मनातही एवढा राग राहू शकतो का.

५/
तो राग जूनोचा. ट्रोजन लोकांविषयी तिच्या मनात जुने सल आहेत. सौंदर्याच्या स्पर्धेत ट्रॉयच्या राजपुत्राने तिला डावलले होते; शिवाय तिच्या लाडक्या कार्थेजचा नाश याच लोकांच्या वंशजांकडून होणार, असे भाकीत तिच्या कानी आले आहे. ट्रॉय जळून खाक झाले तरी तिचे समाधान होत नाही. ईनिअस उरलेल्या माणसांना घेऊन इटलीकडे निघतो तेव्हा ती वाऱ्यांचा राखणदार इओलस याला लाच देऊन वादळ सोडायला लावते. गलबते फुटतात, माणसे बुडतात. महाकाव्याचा नायक वाचकाला पहिल्यांदा दिसतो तो भीतीने गारठलेला, आकाशाकडे हात करून विव्हळणारा.

६/
आता नेपच्यून पाण्यातून वर येतो. व्हर्जिलने इथे एक बारीक गोष्ट टिपली आहे. देव मनातून खवळलेला आहे. त्याच्या राज्यात त्याला न विचारता वादळ उठवले गेले आहे. तरीही लाटांवर उचललेले त्याचे मस्तक शांत आहे. तो वाऱ्यांना समोर बोलावतो, दरडावतो, शिक्षेची धमकी देऊ लागतो आणि वाक्य अर्धेच सोडतो. आधी लाटा शांत करायला हव्यात, हे त्याला आठवते. धमकी हवेत राहते आणि काम सुरू होते. त्रिशुळाने तो खडकावर अडकलेली गलबते सोडवतो. शिक्षेचे तो विसरलेला नाही. पुढच्या वेळी एवढ्यावर सुटणार नाही, असे तो वाऱ्यांना बजावतो. राग आहे, पण तो रांगेत दुसरा उभा आहे.

७/
यानंतर काव्यातली पहिली विस्तृत उपमा येते आणि ती परंपरेच्या उलट जाते. होमरच्या काव्यात माणसांचा जमाव खवळलेल्या समुद्रासारखा असतो. व्हर्जिलचा समुद्र खवळलेल्या जमावासारखा आहे. शहरात दंगल उसळली आहे, दगड आणि पेटते पलिते उडत आहेत, हाताला लागेल ते शस्त्र झाले आहे. इतक्यात लोकांना एक माणूस दिसतो, ज्याच्या आचरणाचे आणि सेवेचे वजन त्यांना माहीत आहे. ते गप्प होतात, कान देतात आणि तो शब्दांनी त्यांची मने ताब्यात आणतो. समुद्रदेवाचे वर्णन करताना कवीच्या डोळ्यांपुढे आपल्या शहराचा चौक होता.

८/
रागाचे काय करावे, हा त्या काळातल्या तत्त्वज्ञांचा आवडता वाद होता. स्टोइकांचे मत सर्वांत कडक. त्यांच्या मते राग ही मनाची चुकीची कबुली आहे: माझे नुकसान झाले आणि त्याचा सूड घेणे योग्य आहे, या दोन विधानांना बुद्धीने दिलेली मान्यता. ती मान्यता काढून घेतली की राग उरत नाही. व्हर्जिलनंतर दोन पिढ्यांनी सेनेकाने या मताची तपशीलवार मांडणी केली. पहिली उसळी अनैच्छिक असते, ती थांबवता येत नाही. मग बुद्धी तिला होकार देते. त्यानंतर माणूस स्वतःच्या हातात राहत नाही. सेनेकाचा उपाय साधा आहे: उशीर करा.

९/
ॲरिस्टॉटलचे म्हणणे निराळे. त्याच्या मते राग म्हणजे आपल्याला तुच्छ लेखले गेल्याच्या दुःखातून उठलेली प्रतिकाराची इच्छा. ज्याला योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य प्रमाणात राग येतो तो स्तुतीला पात्र. ज्याला कधीच राग येत नाही, जो स्वतःचा किंवा आप्तांचा अपमान निमूट गिळतो, त्याला ॲरिस्टॉटल सद्गुणी म्हणत नाही. त्याच्या लेखी ती लाचारी आहे. स्टोइकांना हे पटत नसे. उताराला लागलेल्या गाड्याला अमुक ठिकाणीच थांब म्हणून सांगता येत नाही, तसे रागाला प्रमाण सांगता येत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

१०/
तिसरी बाजू एपिक्युरसच्या अनुयायांची. व्हर्जिलच्या तारुण्यात फिलोडीमस नावाचा एक एपिक्युरियन आचार्य इटलीत शिकवीत होता. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात हर्क्युलेनियम गाडले गेले. तिथल्या एका वाड्यातल्या जळून कोळसा झालेल्या गुंडाळ्यांत फिलोडीमसचा रागावरचा ग्रंथ मिळाला. त्याच संग्रहातल्या एका तुकड्यात तो आपल्या तरुण मित्रांना नावाने संबोधतो आणि त्या नावांत व्हर्जिल आहे. फिलोडीमस म्हणतो, शहाण्यालाही राग येतो, पण तो थोडका आणि दुखरा असतो. शिक्षा करणे त्याला कडू काढा पिण्यासारखे वाटते. ज्याला सूड गोड लागतो, त्याचा राग पोकळ.

११/
हे तिन्ही पक्ष कवीला माहीत होते. तरीही काव्याचा शेवट त्याने असा केला की तिघांचीही पंचाईत व्हावी. बाराव्या सर्गात ईनिअस आणि टर्नस यांचे द्वंद्व होते. मांडीत भाला घुसून टर्नस खाली कोसळतो, हात पसरतो, म्हाताऱ्या बापाची आठवण काढून दया मागतो. शरण आलेल्याला सोडावे आणि माजलेल्याला जमिनीवर आणावे, हा उपदेश ईनिअसला पाताळात खुद्द त्याच्या वडिलांच्या छायेने केलेला आहे. ईनिअसचा उगारलेला हात थांबतो. टर्नसचे शब्द त्याच्यावर परिणाम करू लागतात. सेनेकाने सांगितलेला उशीर इथे प्रत्यक्ष घडतो आहे.

१२/
तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावरचा पट्टा त्याला दिसतो. तो पॅलसचा. आपला मुलगा ईनिअसवर विश्वासून युद्धाला पाठवणाऱ्या म्हाताऱ्या इव्हँडरचा तो कोवळा पोर; टर्नसने त्याला मारून पट्टा लुटला होता. ईनिअस पेटतो आणि तलवार खुपसतो. टर्नसचे अवयव गारठून सैल पडतात. पहिल्या सर्गात वादळात सापडलेल्या ईनिअससाठी जे शब्द वापरले होते, तेच कवी इथे पुन्हा वापरतो. टर्नसचा प्राण कण्हत छायांच्या लोकी जातो आणि महाकाव्य संपते. ‘इलियड’च्या शेवटी अकिलीस शत्रूचे प्रेत त्याच्या बापाला परत देतो. इथे ना अंत्यसंस्कार, ना सलोखा.

१३/
या शेवटावरचा वाद दीड हजार वर्षांहून जुना आहे. चौथ्या शतकातल्या लॅक्टॅन्शिअस या ख्रिस्ती लेखकाने विचारले की शरणागताला मारणाऱ्याला धर्मनिष्ठ कसे म्हणायचे. भाष्यकार सर्व्हिअस म्हणाला की ईनिअसच्या दोन्ही बाजू त्याच्या थोरवीच्याच: सोडावेसे वाटले ही दया, मारले ही इव्हँडरशी निष्ठा. विसाव्या शतकात मायकेल पटनम यांनी या वारात ईनिअसचा पराभव पाहिला, तर कार्ल गॅलिन्स्की यांनी तो ॲरिस्टॉटलच्या कसोटीला उतरणारा न्याय्य राग मानला. दोन्ही बाजूंना काव्यातच आधार सापडतो, म्हणून वाद मिटत नाही.

१४/
या वादात एक गोष्ट मात्र बाजूला पडते. ईनिअसजवळ कारण होते आणि ते चांगले होते. जूनोचा राग मत्सराचा होता. त्याचा निषेध सोपा आहे. ईनिअसचा राग मेलेल्या मुलासाठी होता. व्हर्जिलने सर्वांत कठीण परीक्षा न्याय्य रागाची घेतली आहे आणि अशाच रागाला थांबवणे सर्वांत अवघड असते, हे दाखवले आहे. आपण चुकत आहोत असे वाटणारा माणूस थबकतो. आपली बाजू खरी आहे अशी खात्री असलेला थबकत नाही. एखादी खूण नजरेस पडली की थांबलेला हातही सुटतो. या काव्यातला पट्टा असा एका नजरेचा ऐवज आहे.

१५/
हा प्रश्न भारतीय वाचकाला परका नाही. वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा संवाद नेमका यावर आहे. द्रौपदी प्रल्हादाने बळीला केलेला उपदेश सांगते: सदा उग्र असणे बरे नव्हे आणि सदा क्षमाशील असणेही बरे नव्हे, दोहोंची वेळ ओळखावी. हे ॲरिस्टॉटलच्या फार जवळचे आहे. युधिष्ठिराचे उत्तर, की क्रोध हेच विनाशाचे मूळ, स्टोइकांना आपले वाटले असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची साखळी सेनेकाच्या पायऱ्यांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ‘ज्ञानेश्वरी’मुळे ती सातशेहून अधिक वर्षे मराठी कानांवर आहे.

१६/
रसशास्त्राने क्रोधाला रौद्राचा स्थायीभाव मानले आणि वीररसाला त्याहून वेगळा, उत्साह हा स्थायीभाव दिला. पराक्रमाला रागाची गरज नाही, असे या वाटणीत गृहीत आहे. या चष्म्यातून पाहिले तर ‘ईनिड’ वीररसात चालत येऊन शेवटच्या काही ओळींत रौद्रात कोसळते. आनंदवर्धनाने महाभारताचा प्रधान रस शांत ठरवला, कारण विजयानंतरचे वैराग्य महाभारत विस्ताराने सांगते. व्हर्जिल ते सांगत नाही. वाराच्या क्षणी पडदा पाडून तो शांतीची जबाबदारी वाचकावर टाकतो.

१७/
आता पुन्हा पंचगंगेकाठी. ब्रह्मपुरीला लागून असलेल्या याच नदीपात्रात, १८९९ सालच्या कार्तिकस्नानावेळी, आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे शाहू महाराजांच्या लक्षात आणून दिले गेले. छत्रपतींना त्यांच्याच राज्यात शूद्र ठरवणारा तो अपमान होता. ॲरिस्टॉटलची व्याख्या इथे अक्षरशः लागू पडते. राग आलाच नसता तर पुढचे काही घडले नसते. परंतु त्या रागाला काळ मिळाला. हुकूम निघाले, दाद मागितली गेली, राजोपाध्यांचे वतन जप्त झाले. वसतिगृहे उभी राहिली. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के राखून ठेवणारा हुकूम निघाला. १९१७मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले. एका माणसाचा अपमान हजारोंच्या हक्कात रूपांतरित झाला.

१८/
याच शहराने दुसरे रूपही पाहिले आहे. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींची हत्या झाली. तिचे दुःख आणि तिचा संताप खरा होता, कारण चांगले होते. त्यातून कोल्हापुरात आणि पश्चिम महाराष्ट्रात ज्यांचा हत्येशी काही संबंध नव्हता अशा ब्राह्मण कुटुंबांची घरे पेटवली गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या शोकात पलिते उडावेत, यापेक्षा व्हर्जिलच्या काव्याच्या शेवटाशी जुळणारे उदाहरण शोधून सापडायचे नाही. अपराध करणारा एक आणि पट्टा ज्याच्या खांद्यावर दिसला तो दुसराच.

१९/
पंच्याहत्तर वर्षांनी, ७ जून २०२३ रोजी, औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्या प्रतिमा असलेल्या काही मोबाइल स्टेटसच्या निषेधार्थ पुकारलेल्या बंदमध्ये कोल्हापुरात दगडफेक झाली, दुकानांची मोडतोड झाली. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. इंटरनेट बंद करावे लागले. काही सेकंदांत पाहून होणारे स्टेटस म्हणजे आजचा पट्टा. पाहणे आणि पेटणे यांमध्ये अंतरच राहू नये, अशीच त्याची रचना असते. इंटरनेट बंद करणे हा प्रशासनाचा उपाय उशीर विकत घेण्याचाच होता. लोकांनी स्वतः घ्यायचा उशीर सरकारने लादला.

२०/
कोल्हापूरकरांना हे अंतर एका वेगळ्या भाषेत तोंडपाठ आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात पाणी चढायला लागले की नजर या दोन आकड्यांवर असते. पाणी चढू नये असा हुकूम कोणी नदीला देत नाही. पण मधल्या चार फुटांत माणसे हलवली जातात, जनावरे सोडली जातात, सामान वर चढवले जाते. सेनेकाची पहिली उसळी ही इशारा पातळी. नेपच्यूनचे अर्धे सोडलेले वाक्य त्या चार फुटांत बसते. शाहू महाराजांनी त्या चार फुटांत वसतिगृहे बांधली. १९४८ आणि २०२३च्या जमावांना ते चार फूट मिळाले नाहीत, किंवा कोणी मिळू दिले नाहीत.

२१/
यावर एक रास्त आक्षेप येतो: शांत राहण्याचा सल्ला नेहमी दुबळ्यालाच दिला जातो. आक्षेपात तथ्य आहे. व्हर्जिलच्या उपमेतला जमाव शांत करणारा माणूस प्रतिष्ठित आहे. त्या जमावाची तक्रार काय होती, हे कवी सांगतच नाही. ही त्या उपमेची मोठी उणीव आहे. म्हणून स्टोइकांचे सरसकट उच्चाटन पुरेसे नाही आणि द्रौपदीचे म्हणणे खोडता येत नाही. मात्र फिलोडीमसची कसोटी दुबळ्यालाही लागू पडते आणि सबळालाही: शिक्षा कडू लागते आहे की गोड? हातात दगड असलेल्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसू लागला, की कारण कितीही चांगले असले तरी ते मागे पडलेले असते.

२२/
इतिहास नाणी, बंदरे आणि व्यापारी मार्ग यांचा असतो, तसाच तो भावनांचाही असतो. माणसे कशाला रागावली, किती काळ रागावली आणि त्या रागाचे त्यांनी काय केले, यावर शहरांचे नशीब ठरत आले आहे. टाऊन हॉलमधल्या त्या छोट्या मूर्तीची ओळख करून देताना व्यापाराच्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य लिहायला हवे: हा तो देव, ज्याने धमकी अर्ध्यावर सोडून आधी बुडणारी गलबते वाचवली. सहलीला आलेल्या शाळकरी मुलांपैकी एखाद्याने त्या काचेपुढे उभे राहून विचारले, की राग आला तर मग करायचे काय, तर उत्तर देण्यासाठी रोमला जावे लागणार नाही. टाऊन हॉलपासून पंचगंगेचा घाट फार लांब नाही.

(समाप्त)